मदत हवी आहे: फीडर पिलरवरच्या चित्राचे पापुद्रे निघतायत, प्रायमर कोणता?

नेरूळमध्ये रस्त्याकडेचे तीन फीडर पिलर (वीज वाटपाच्या पत्र्याच्या पेट्या) रंगवले. वीज कंपनीची लेखी परवानगी आहे. जाळी, कुलूप, बिजागऱ्या, धोक्याची पाटी आणि पिलर नंबर सोडून बाकी पत्रा आपला.

दोन पेट्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याच्या. त्यांना १२० नंबरचा पॉलिश पेपर, थिनरचा पुसा, रेड ऑक्साइड या तेलकट प्रायमरचा एक हात, वर एक्स्टिरियर ॲक्रेलिकचे दोन हात. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या वीतभर पट्ट्यातून रंग सालीसारखा सुटला, प्रायमरसकट. खाली पत्रा नवाकोरा, गंज नाही. म्हणजे दोष ॲक्रेलिकचा नाही. तेलकट प्रायमर जस्तावर साबणासारखा होऊन सुटतो, तेच झालं असणार.

तिसरी पेटी पावडर कोटिंगची. तिथे २२० नंबरने चकाकी मारली आणि टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर लावला. पकड उत्तम. पण वरून टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे पारदर्शक कोट, मारल्यावर ॲक्रेलिकला सुरकुत्या पडल्या, काळ्या मार्करच्या रेषाही पसरल्या. (रंग आठ तासच वाळला होता, ही घाई आमचीच.)

आता जीआयच्या दोन्ही पेट्या पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा करायच्या आहेत, मेअखेरच्या आत. स्प्रे चालणार नाही, फुटपाथवर वर्दळ असते, सगळं ब्रश-रोलरनेच. खाडीची खारी हवा आहे. व्हिनाइल स्टिकर नको, मुलं स्वतः रंगवणार आहेत.

जुन्या जीआयवर आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लाने पत्र्याला पकड आणणारा, लागतोच, की घासून थेट इपॉक्सी पुरेल? आणि ॲक्रेलिकवर ब्रशने मारता येईल असा, उन्हात पिवळा न पडणारा पाण्यातला क्लिअर कोट कोणी वापरलाय का, आणि किती दिवस वाळवून?