मुक्तिदिनाच्या भाषणातले एक वाक्य: आमच्या सोसायटी ग्रुपवर, १९ डिसेंबर

सेक्रेटरी (बी-१०१), सकाळी १०.०५
सर्व सभासदांना गोवा मुक्तिदिनाच्या शुभेच्छा. ध्वजवंदनाला आल्याबद्दल आभार. मास्तरांचे आजचे भाषण वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर घ्यायचे ठरले आहे आणि मजकूर आज सायंकाळी छापखान्यात द्यायचा आहे, तेव्हा कोणाला काही सुचवायचे असल्यास येथेच कळवावे. गणपतीच्या माटोळीच्या वेळी ग्रुपवर जे झाले त्यानंतर ठरलेला नियम स्मरणात असू द्यावा: फॉरवर्ड नकोत, स्वतःचे लिहावे आणि पूर्ण वाक्यांत लिहावे.

ए-२०२ (मावशी), १०.३१
मास्तरांविषयी मला पूर्ण आदर आहे, माझी दोन्ही मुले त्यांच्या हाताखाली शिकली. तरीही भाषणातल्या एका वाक्याला माझी हरकत आहे, आणि ती मी ध्वजाखाली बोलले नाही, कारण ती जागा नव्हती. "ज्याप्रमाणे भारताने ३६ तासांत पोर्तुगालच्या सालाझारला गोव्यातून हाकलले, त्याचप्रमाणे जगातल्या प्रत्येक हुकूमशहाला बलाढ्य राष्ट्रांनी उचलून फेकले पाहिजे," हे ते वाक्य. माझा धाकटा कुवेतमध्ये नोकरीला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी मी स्वतः तेथे होते, थोरला दीड वर्षाचा होता, आणि बलाढ्य शेजारी दुसऱ्याच्या घरात कसा शिरतो ते मी गच्चीवरून पाहिले. सद्दाम हुसेनच्या रेडिओचे म्हणणे काय होते? कुवेतच्या क्रांतिकारकांनी हाक मारली म्हणून आम्ही आलो. फेकणारा नेहमी असेच म्हणतो. हे वाक्य छापू नये.

सी-३०१ (मास्तर), १०.४४
ताई, आपला राग समजू शकतो, पण आपण उलटे उदाहरण दिलेत. सद्दाम हा स्वतः हुकूमशहा होता. मी हुकूमशहाला काढण्याविषयी बोललो, हुकूमशहाने केलेल्या चढाईविषयी नाही. गोवा ३६ तासांत मुक्त झाला, हे इतिहासाचे सत्य आहे.

ए-४०१ (तारवटी काका), १०.५२
या विषयात एक प्रत्यक्षदर्शी मीही आहे. डिसेंबर १९८९ मध्ये आमचे जहाज पनामा कालव्याच्या तोंडाशी क्रिस्तोबालला नांगर टाकून होते, आणि २० तारखेच्या पहाटे अमेरिकेने पनामात सैन्य उतरवले. तिथला हुकूमशहा जनरल नोरिएगा पळून पोपच्या वकिलातीत जाऊन बसला. त्याला बाहेर काढण्यासाठी अमेरिकी सैनिकांनी भोवती मोठमोठे कर्णे लावून रात्रंदिवस रॉक संगीत वाजवले. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचा अनुभव असलेल्या कोणालाही ३ जानेवारीला तो हात वर करून का बाहेर आला हे समजावून सांगावे लागणार नाही. पण मुद्दा असा, की त्याच वर्षी मे महिन्यात निवडणूक जिंकलेले आणि नोरिएगाने बसू न दिलेले एंदारा अध्यक्ष झाले, आणि पनामाने पुढे सैन्य ठेवणेच बंद केले. एक उदाहरण तरी चांगले निघाले.

सी-१०४, ११.०३
काकांच्या सांगण्यात थोडी भर घालतो. एंदारांचा शपथविधी अमेरिकेच्या लष्करी तळावर झाला. नोरिएगा त्याआधी कित्येक वर्षे अमेरिकेच्याच गुप्तहेर खात्याचा पगारी माणूस होता. राजधानीतली एल चोरियो ही गरिबांची वस्ती त्या हल्ल्यात जळून खाक झाली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ डिसेंबरला ७५ विरुद्ध २० मतांनी कारवाईचा निषेध केला. आपणच पोसलेला माणूस हाताबाहेर गेल्यावर त्याला हुकूमशहा म्हणून उचलून नेणे, याला सुटका म्हणावे की हिशेब चुकता करणे, हे छापण्यापूर्वी ठरवावे.

सी-३०१ (मास्तर), ११.०९
वार्षिक अहवालातल्या मजकुरावर भाडेकरूंनी मत द्यावे की नाही हा नियमावलीचा प्रश्न आहे. तो मी आज, मुक्तिदिनी, उपस्थित करत नाही.

सी-१०४, ११.११
आभारी आहे, सर. मालक येथे राहत नाहीत म्हणून दरमहा जो जादा आकार लागतो, तो मालकही कसला प्रश्न उपस्थित न करता माझ्याकडूनच वसूल करतात.

बी-२०३ (वकीलबाब), ११.२०
मास्तरांच्या वाक्यात इतिहासाची चूक आहे आणि तीच सर्व गोंधळाचे मूळ आहे. सालाझारला कोणी हाकलले? तो लिस्बनला बसून होता आणि १९६१ नंतरही सात वर्षे बसून राहिला. १९६८ मध्ये तो खुर्चीवरून पडला, तेव्हा कुठे सत्ता दुसऱ्याच्या हाती गेली. आणि ही खुर्ची अलंकारिक नव्हे, लाकडाची आणि कापडाची. पोर्तुगालमधली हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ रोजी त्याच देशाच्या सैनिकांनी संपवली, आणि त्यानंतर वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. भारताने हुकूमशहा हटवला नाही, वसाहत संपवली. परक्या देशाचे सरकार बदलणे आणि आपल्या भूमीवरून परके सरकार घालवणे या दोन गोष्टी कायद्यात एका पानावर येत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २ (४) दुसऱ्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरण्यास मनाई करते. अपवाद दोनच, स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची परवानगी. "राज्यकर्ता वाईट आहे" हा तिसरा अपवाद त्यात नाही.

आणखी एक. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आणला. बाजूने ७ मते पडली, विरुद्ध ४. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. ज्या बलाढ्य राष्ट्रांच्या हाती मास्तर हुकूमशहांची यादी सोपवत आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या दिवशी आपण आक्रमक वाटलो होतो.

सी-३०१ (मास्तर), ११.२६
कायदा आणि न्याय या दोन गोष्टी आहेत, वकीलबाब. लोक तुरुंगात सडत असताना कलमे वाचत बसायचे काय? मी पुन्हा नम्रपणे लक्षात आणून देतो की गोवा ३६ तासांत मुक्त झाला.

बी-३०२, ११.४०
मास्तरांच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवे म्हणून लिहितो. माझे वडील कंपालात सरकारी कचेरीत कारकून होते.

ए-४०१ (तारवटी काका), ११.४१
कांपाल म्हणजे पणजीतले, बालभवनाकडचे काय?

बी-३०२, ११.४८
युगांडातले कंपाला, हे आपल्याला ठाऊक आहे. हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. आई म्हणायची की पितळेची समई तेवढी आली, बाकी घर होते तसे कुलूप लावून सोडले. सात वर्षे जगाने निषेधाचे ठराव केले. शेवटी टांझानियाच्या न्येरेरेंनी सैन्य पाठवले, तेही अमीनने आधी त्यांचा कागेरा भाग बळकावला म्हणून, आणि ११ एप्रिल १९७९ रोजी कंपाला पडले. त्या दिवशी वडिलांनी म्हापशाच्या बाजारातून पेढे आणले होते. आफ्रिकेतल्या काही राष्ट्रप्रमुखांनी न्येरेरेंनाच दोष दिला, की शेजाऱ्याच्या देशात शिरण्याचा पायंडा पडला. ज्यांच्या घरातली माणसे मारली गेली त्यांना पायंड्याची भीती घालू नये, असे मला आजही वाटते. मावशींची भीती खरी आहे, पण माझ्या वडिलांचे पेढेही खरे होते.

ए-२०२ (मावशी), ११.५६
तुमच्या आईची समई मी पाहिली आहे, भाऊ. पेढ्यांनंतर काय झाले तेही सांगा.

बी-३०२, १२.०२
पहिले नवे अध्यक्ष ६८ दिवस टिकले. मग दुसरे आले, मग अमीनच्या आधीचे अध्यक्ष ओबोटे परत आले, मग यादवी युद्ध झाले, आणि १९८६ पासून आजपर्यंत एकच गृहस्थ अध्यक्ष आहेत. वडील परत गेले नाहीत.

ए-४०१ (तारवटी काका), १२.०४
एकच गृहस्थ इतकी वर्षे अध्यक्ष राहू शकतात हे आपल्या सोसायटीला कोणी सांगायला नको. शेजारच्या सोसायटीकडे सैन्य आहे काय, याची चौकशी करावी.

सी-४०१ (अध्यक्ष), १२.१०
मी प्रत्येक वेळी रीतसर आणि बिनविरोध निवडून आलेलो आहे. पाण्याच्या टाकीचे काम ज्यांना तेव्हा नको होते, त्यांना आता विनोद सुचत आहेत.

ए-४०१ (तारवटी काका), १२.१२
गैरसमज नसावा. अमीनने १९७६ मध्ये स्वतःला तहहयात अध्यक्ष केले होते, आपण तसे केलेले नाही, हा फरक मी सर्वांच्या नजरेस आणून देणारच होतो.

सेक्रेटरी (बी-१०१), १२.१३
कृपया विषयाला धरून लिहावे.

सी-१०४, १२.२५
युगांडापेक्षाही अवघड उदाहरण कंबोडियाचे आहे. पोल पॉटच्या पावणेचार वर्षांच्या राजवटीत तेथे पंधरा ते वीस लाख माणसे उपासमार, वेठ आणि कत्तल यांत मेली. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने नॉम पेन घेतले आणि ती राजवट संपवली. न संपवती तर आणखी किती मेले असते ते सांगता येत नाही. याबद्दल व्हिएतनामला काय मिळाले? दीड महिन्याच्या आत चीनने त्याच्यावर हल्ला केला, पाश्चात्त्य देशांनी मदत तोडली, आणि संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पुढेही कित्येक वर्षे पोल पॉटच्याच माणसांकडे राहिली. भारताने मात्र १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली. पण व्हिएतनामचे सैन्यही दहा वर्षे तेथून हलले नाही. म्हणून मला मास्तरांचे "प्रत्येक" आणि मावशींचे "छापूच नये" ही दोन्ही टोके पटत नाहीत.

सी-३०१ (मास्तर), १२.३१
या तरुणाने शेवटी माझेच म्हणणे मांडले, याचा आनंद आहे. गोवा तर ३६ तासांतच मुक्त झाला.

ए-२०२ (मावशी), १२.५८
भात उतरवून आले, आता सविस्तर लिहिते. १९९० मध्ये आम्ही कुवेतहून बसरा, बगदाद करत बसने अम्मानला गेलो आणि तेथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आलो. इराकमधून जाताना रस्त्यावरच्या एका बाईने थोरल्यासाठी पाणी आणि खजूर दिले. सद्दामची भीती तिलाही होती, आमच्याशी बोलताना ती मागे वळून पाहत होती. पुढे २००३ साली अमेरिका सद्दामला काढायला निघाली तेव्हा मला प्रथम बरेच वाटले, हे मी लपवत नाही. ९ एप्रिलला बगदादमधला त्याचा पुतळा पाडलेला टीव्हीवर पाहिला आणि मीही टाळी वाजवली. ज्या अस्त्रांसाठी युद्ध केले ती सापडलीच नाहीत. मे महिन्यात तिथल्या नव्या कारभाऱ्यांनी इराकचे सगळे सैन्य एका हुकमाने बरखास्त केले, म्हणजे लाखो माणसे हातात बंदूक आणि घरात रिकामी चूल घेऊन रस्त्यावर आली. त्यातलेच काही पुढे इस्लामिक स्टेटला जाऊन मिळाले. मोसुलमध्ये २०१४ साली आपले ३९ मजूर त्यांच्या हाती सापडले आणि ते मारले गेले, हे आपल्याला २०१८ मध्ये कळले. मजूर पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालचे होते. गोव्याचे असते तर आपण आज असे बोललो असतो काय?

मी सद्दामची बाजू घेत नाही. पण त्याला काढणाऱ्यांना त्या खजूर देणाऱ्या बाईचे नाव ठाऊक नव्हते, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.

बी-२०३ (वकीलबाब), १.०६
२००३ च्या एप्रिलमध्ये आपल्या संसदेने त्या युद्धाची एकमताने "निंदा" केली होती. इंग्रजी मसुद्यात त्याहून सौम्य शब्द होता, आणि निंदा हा शब्द किती कडक आहे यावर आधी बराच खल झाला होता. जुलैमध्ये अमेरिकेने मागितले तरी भारताने सैन्य पाठवले नाही. २०११ मध्ये लिबियाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेली परवानगी गद्दाफीला हटवण्यासाठी वापरली गेली, तो ऑक्टोबरमध्ये मारला गेला, आणि मग त्या देशात दोन दोन सरकारे झाली.

मावशींच्या शेवटच्या वाक्याला मात्र गोव्यात उत्तर आहे. आपल्याला विचारले गेले. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा काय, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांच्या फरकाने...

सी-३०१ (मास्तर), १.०८
तो आकडा आज काढण्याचे काहीही कारण नव्हते.

बी-२०३ (वकीलबाब), १.०९
आकडा माझा नाही, मतदारांचा आहे.

सी-३०१ (मास्तर), १.१७
माझ्या वडिलांनी विलीनीकरणाच्या फुलावर मत दिले होते आणि त्याची मला लाज नाही. वेगळ्या गोव्याच्या दोन पानांना मत देणारे आज मराठी ग्रुपवर मराठीतच मला धडे देत आहेत, हेही पुष्कळ झाले. पण विषय निघालाच आहे तर ऐका. गोवा काही बाहेरून कोणाच्या मनात आले म्हणून मुक्त झाला नाही. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा माझे मामा त्या गर्दीत होते. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. आग्वादच्या तुरुंगात माणसांनी वर्षे काढली, मोहन रानडे तर १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. दिल्लीने चौदा वर्षे बोलणी करून पाहिली, आम्ही रागावलो इतकी वाट पाहिली. सैन्य आले ते या सर्वांच्या नंतर, आणि म्हणून त्याला रस्ता दाखवायला गावोगावी माणसे उभी होती.

ए-२०२ (मावशी), १.२२
मास्तर, हे भाषणात का नव्हते?

सी-१०४, १.२३
हेच विचारणार होतो, सर.

सी-३०१ (मास्तर), १.४१
भाषण दहा मिनिटांचे ठेवा असे सेक्रेटरींनी सांगितले होते.

सेक्रेटरी (बी-१०१), १.४३
मी दहा म्हटले होते, आपण पंचवीस घेतलीत, सर. पण तो विषय संपला. सुधारित वाक्य साडेचारपर्यंत मिळाल्यास बरे, छापखाना आज लवकर बंद होणार आहे.

सी-३०१ (मास्तर), ४.२६
सुधारित मजकूर: "गोमंतकीयांनी तुरुंग आणि गोळ्या सोसल्या, भारताने चौदा वर्षे बोलणी करून पाहिली, आणि मगच आलेल्या सैन्याने ३६ तासांत येथील परकी सत्ता संपवली." बलाढ्य राष्ट्रांचे वाक्य मी काढले आहे. पटले म्हणून नव्हे. कंपालावाल्यांचे पेढे आणि ताईंचे खजूर एका वाक्यात बसत नाहीत म्हणून. "३६ तास" हे शब्द ठळक अक्षरांत छापावेत.

ए-२०२ (मावशी), ४.२९
मग "चौदा वर्षे" हेही ठळक अक्षरांत घ्यावे.

बी-३०२, ४.३०
माझे अनुमोदन.

सेक्रेटरी (बी-१०१), ४.३४
ठळक अक्षरांचे वेगळे पैसे नाहीत, छापखान्यात विचारून घेतले. दोन्ही घेतो.