ब्लू कार्डवरून जर्मनीतील कायम वास्तव्य: बी१ परीक्षेसाठी थांबावे का?

प्रश्न (यावल): नमस्कार. माझी मुलगी जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चकुशल परदेशी नोकरदारांना मिळणारा तात्पुरता वास्तव्य परवाना) अभियंता आहे आणि तिला आता कायम वास्तव्याचा परवाना हवा आहे. कंपनीचे सगळे काम इंग्रजीत चालत असल्यामुळे तिचे जर्मन ए१ या अगदी प्राथमिक पातळीवरच राहिले आहे. आहे त्या पातळीवर अर्ज करावा, की बी१ ही मध्यम पातळीची भाषा परीक्षा द्यावी?

उत्तर (धुळे): काका, ए१ असल्यास ब्लू कार्डवरील नोकरीच्या २७ महिन्यांनी परवाना मिळू शकतो, बी१ असल्यास २१ महिन्यांनीच. परंतु नुसते कॅलेंडर पाहून भागत नाही; तेवढे महिने निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी भरलेली असावी लागते, म्हणून तिने विमा संस्थेकडून वर्गणीचा तपशील आत्ताच मागवून पगाराच्या पावत्यांशी ताडून पाहावा. नोकरी बदलताना पडलेला खंड तिथे लगेच दिसतो.

उत्तर (भुसावळ): तेथील कायदा आणि समाजजीवन यांचे प्राथमिक ज्ञानही दाखवावे लागते. त्याच्या चाचणीत ३३ प्रश्न असतात आणि कायम वास्तव्यासाठी १५ बरोबर आले तरी पुरते. प्रश्न जर्मनमध्येच असतात, त्यामुळे माझ्या मते तिने बी१ची तयारी मनापासून करावी. डॉक्टरकडे, घरमालकाशी बोलताना तीच भाषा कामी येते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. परवाना मिळाल्यावर ती केळीच्या हंगामात घरी येऊन राहू शकेल ना?

उत्तर (धुळे): अवश्य, काका. मात्र सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परवाना सर्वसाधारणपणे रद्द होतो, म्हणून मुक्काम लांबणार असेल तर निघण्यापूर्वीच तेथील परदेशी नागरिक कार्यालयाची लेखी संमती घ्यावी.