पीडितांच्या साहाय्यकांचे प्रशिक्षण : ४० तासांत नेमके काय शिकवावे?

नवी साहाय्यक (प्रश्न)

नमस्कार. गुन्ह्याला किंवा घरातील अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तींना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेत मी आठ महिन्यांपासून काम करते. अशा साहाय्यकाला 'अ‍ॅडव्होकेट' म्हणतात, पण तो शब्द ऐकला की वकीलच डोळ्यांसमोर येतो, म्हणून आधीच सांगते की मी वकील नाही. पीडित व्यक्तीसोबत पोलिसांकडे, रुग्णालयात किंवा न्यायालयात जाणे, तिच्यापुढचे पर्याय तिला समजतील अशा शब्दांत सांगणे आणि तिची संमती असेल तेथे तिच्या वतीने यंत्रणेशी बोलणे, एवढे माझे काम आहे.

रुजू होण्यापूर्वी आमचे ४० तासांचे प्रशिक्षण झाले. कायद्यातील तरतुदी, अत्याचाराचे प्रकार आणि समुपदेशनाचे सिद्धांत यांवर व्याख्याने झाली व शेवटची परीक्षा मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. मात्र पहिल्याच भेटीत समोरच्या बाई घडलेले सांगू लागल्या, मध्येच हसल्या, प्रसंगांचा क्रम मागेपुढे झाला आणि मी गोंधळून "हे नक्की कधी घडले?", "मग तुम्ही ओरडला का नाहीत?" असे विचारून बसले. त्या पुन्हा आल्या नाहीत. आता नव्या तुकडीच्या प्रशिक्षणाचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तास तेवढेच राहणार आहेत. त्यांतून काय वगळावे आणि कशाला अधिक वेळ द्यावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुनी प्रशिक्षक

तुम्ही विचारलेले दोन्ही प्रश्न तपास अधिकाऱ्याचे आहेत. ते तुमच्या तोंडी आले, कारण प्रशिक्षणात कायदा शिकवला गेला, पण तुमची भूमिका कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे शिकवले गेले नाही. घटना खरी की खोटी हे ठरवणे साहाय्यकाचे काम नाही. म्हणून मी प्रशिक्षणार्थींना एकच कसोटी देते : या प्रश्नाच्या उत्तराची गरज कोणाला आहे? उत्तराने समोरच्या व्यक्तीची सुरक्षितता किंवा तिचा निर्णय सुकर होणार नसेल, तर तो प्रश्न आपल्या कुतूहलाचा आहे आणि तो गिळावा.

कायद्यावरील व्याख्याने निम्म्यावर आणा. कलमे पुस्तकात सापडतात आणि बदलतातही. त्याऐवजी तीव्र भीतीचा शरीरावर व स्मृतीवर काय परिणाम होतो, यासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवा. जिवावर बेतलेल्या प्रसंगी माणूस पळेल किंवा प्रतिकार करेल असे आपण गृहीत धरतो, पण अनेकांचे शरीर जागच्या जागी थिजते आणि हे थिजणे इच्छेने होत नाही. अशा प्रसंगाची आठवणही बहुधा तुकड्यातुकड्यांनी येते, म्हणजे एखादा वास किंवा आवाज लख्ख आठवतो आणि वेळ मात्र सांगता येत नाही. प्रसंग सांगताना हसू येणे किंवा चेहरा निर्विकार राहणे यांवरून काहीही सिद्ध होत नाही. हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याच्या तोंडून "ओरडला का नाहीत" असा प्रश्न निघणार नाही.

उरलेला वेळ रोल-प्लेला, म्हणजे भूमिका घेऊन केलेल्या सरावाला द्या, पण तो नाटकासारखा रंगू देऊ नका. माझा एक जुना सराव सांगते. अर्ध्या तासाच्या संभाषणात प्रशिक्षणार्थीला तीनच प्रश्न विचारण्याची मुभा असते : आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का, आज तुम्हाला कशाची सर्वांत जास्त गरज आहे, आणि हे कोणाला कळलेले तुम्हाला चालेल. बाकीचा वेळ ऐकायचे. पहिल्या दिवशी बहुतेकांना शांतता सोसवत नाही आणि ते सल्ला देऊ लागतात.

सल्ल्याची ही ओढ नीट समजून घेतली पाहिजे. १९८०च्या दशकात अमेरिकेतील डुलुथ येथे अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांवरून सत्ता आणि नियंत्रण यांचे एक चक्र (चाकाच्या आकाराची आकृती) मांडण्यात आले. मारहाण हा त्याचा एक भाग असतो, तर पैसा, मुले, नातेसंबंध आणि धमक्या यांच्या आधारे दुसऱ्याचे निर्णय हिरावून घेणे हा त्याचा गाभा असतो. आपणही "तुम्ही तक्रार करायलाच हवी" असे बजावू लागलो, तर निर्णय घेणारी व्यक्ती तेवढी बदलते. ती व्यक्ती अत्याचार करणाऱ्याकडे परत जात असेल, तरीही तिच्याशी संपर्क कसा टिकवायचा याचा सराव प्रशिक्षणातच झाला पाहिजे, कारण प्रत्यक्षात हा प्रसंग वारंवार येतो आणि नवा साहाय्यक तेथेच रागावतो.

न्यायालयीन कामकाज पाहणारी व्यक्ती

वरील मताशी सहमत आहे, परंतु कायद्याचे तास निम्म्यावर आणताना गोपनीयतेच्या भागाला हात लावू नये. काही ठिकाणी प्रशिक्षणाचे तास हाच गोपनीयतेचा पाया असतो. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्यात लैंगिक अत्याचारपीडितांच्या समुपदेशकाशी झालेल्या संभाषणाला संरक्षण आहे, मात्र ज्याच्याकडे अन्य विहित पात्रता नाही अशा समुपदेशकासाठी त्यात ४० तासांच्या प्रशिक्षणाची अट आहे. सगळीकडे असे संरक्षण नसते. म्हणून आपल्या प्रदेशातील कायदा काय सांगतो आणि कोणती माहिती, विशेषतः बालकांवरील अत्याचाराची, कळवणे बंधनकारक आहे, हे साहाय्यकाला पक्के ठाऊक असावे आणि समोरच्या व्यक्तीला ते बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगावे. सर्व ऐकून घेतल्यावर "हे मला कळवावे लागेल" असे सांगणे हा विश्वासघात ठरतो.

दुसरा मुद्दा नोंदींचा. नोंदवहीत आपले तर्क आणि निदान लिहू नयेत, कारण त्या नोंदी पुढे न्यायालयात मागवल्या जाऊ शकतात. तसेच साक्षीच्या आदल्या दिवशी न्यायालयाची खोली दाखवावी, कोण कोठे बसते ते सांगावे आणि विश्रांती मागता येते हेही सांगावे, पण काय बोलावे याची तालीम कदापि घेऊ नये. पढवलेली साक्ष उलटतपासणीत टिकत नाही.

प्रशिक्षणाचा आग्रह ही काही संस्थांची हौस नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली स्वीकारलेल्या पीडितांच्या न्यायविषयक जाहीरनाम्यात पोलिस, न्याय, आरोग्य आणि समाजसेवा या क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना पीडितांच्या गरजांची जाण देणारे प्रशिक्षण मिळावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

आपत्कालीन कक्षातील परिचारिका

एक विषय वर आलेला नाही. जिवाला असलेला धोका ओळखणे हे तीनच प्रश्नांत बसत नाही आणि तेथे थेट विचारावेच लागते. अमेरिकेतील परिचारिका व संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी त्यासाठी एक प्रश्नावली विकसित केली. गळा दाबला गेला होता का, घरात बंदूक आहे का, ठार मारण्याची धमकी दिली आहे का, नुकतेच विभक्त होणे झाले आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. गळा दाबल्यावर मानेवर वरून काहीही दिसत नसतानाही आत इजा झालेली असू शकते, त्यामुळे वैद्यकीय तपासणीचा पर्याय ताबडतोब सांगावा. घर सोडण्याचा काळ हा बहुधा सर्वांत धोक्याचा काळ असतो, हे माहीत नसलेला साहाय्यक "निघून या" असे सहज सांगून टाकतो. सुरक्षा आराखड्याचा सराव कागदपत्रे, औषधे, मुलांची शाळा आणि मोबाइलवर ठेवली जाणारी पाळत अशा तपशिलांसह करून घ्यावा.

नवी साहाय्यक

सर्वांचे आभार. एक शंका राहते. तुकडीत स्वतः अत्याचार सोसलेल्या काही जणी असणार आहेत. रोल-प्लेचा त्यांना त्रास झाला तर काय करावे?

जुनी प्रशिक्षक

कोणता प्रसंग सरावाला घेणार आहोत ते आदल्या दिवशी सांगावे आणि कारण न विचारता बाहेर बसण्याची मोकळीक ठेवावी. पीडितेची भूमिका त्यांनीच करावी असा आग्रह कधीही धरू नये. स्वतःचा अनुभव ही त्यांची शिदोरी असते, पण "माझ्या बाबतीत असे झाले होते" या वाक्याने संभाषणाचा रोख समोरच्या व्यक्तीकडून आपल्याकडे वळतो, एवढे मात्र त्यांना नक्की सांगावे.

याला जोडून, ४० तासांतील चार तास आत्ता वापरू नका. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यासाठी प्रत्येकी एक तास राखून ठेवा आणि त्या वेळी झालेल्या भेटींची अनुभवी व्यक्तीसोबत चर्चा करा. इतरांच्या यातना सतत ऐकून साहाय्यकाच्या स्वतःच्या मनावर होणाऱ्या परिणामाला संशोधकांनी १९९०मध्ये स्वतंत्र नाव दिले, पण तो परिणाम कामाच्या पहिल्या काही महिन्यांतच जाणवू लागतो आणि तोवर प्रशिक्षण संपून गेलेले असते. तुमची ती पहिली भेट अशा तासात कोणापुढे मांडता आली असती, तर पुढच्या व्यक्तीला भेटण्यापूर्वीच तुमच्याशी कोणीतरी बोलले असते.