अनुभव धागा: तुमचा बिलियन किती शून्यांचा?

आज बिलियन म्हणजे एकावर नऊ शून्यं, शंभर कोटी, आपला एक अब्ज. पण ब्रिटनमध्ये पूर्वी याच शब्दाला बारा शून्यं असत. 1974 साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केलं की सरकारी आकडेवारीत बिलियन नऊ शून्यांचाच. तुमच्या कामात, वाचनात हा शब्द कसा भेटला? सविस्तर लिहा, मनापासून वाचायचंय.

हौशी आकाशनिरीक्षक, नाशिक
आजोबांच्या कपाटातल्या जुन्या ब्रिटिश पुस्तकात प्रकाशवर्ष सुमारे सहा बिलियन मैलांचं आहे. अमेरिकी पुस्तकात तेच सहा ट्रिलियन, कारण तिकडे बारा शून्यांना ट्रिलियन म्हणतात. दोन्ही बरोबर! जुनं पुस्तक हाती आलं की मी आधी प्रकाशनाचं साल आणि देश बघते.

उपसंपादक, पुणे
रात्रपाळीत वृत्तसंस्थेची बातमी येते, 2.7 बिलियन डॉलर. शंभरने गुणायचं, 270 कोटी डॉलर. ट्रिलियन असेल तर लाख कोटी. अब्ज लिहिणंही अचूकच, पण वाचकाला अर्थसंकल्पापासून सगळीकडे कोटींची सवय, म्हणून माझं मत कोटींनाच. मात्र जागा नाही म्हणून मथळ्यातून 'डॉलर' उडवायला निघालं कुणी, की मी भांडते. 270 कोटी रुपये आणि 270 कोटी डॉलर यांत केवढा फरक आहे!

गणिताची शिक्षिका, सातारा
मुलांना मी सेकंद मोजायला लावते. दशलक्ष सेकंद साडेअकरा दिवसांत संपतात, बिलियनला जवळजवळ 31 वर्षं 8 महिने लागतात. लगेच वह्या उघडून घरच्यांची वयं काढली जातात. "बाई, माझी मावशी पुढच्या वर्षी बिलियन सेकंदांची होणार!" त्या दिवशी पुढचा धडा राहिला तरी चालतो.

लेखापाल, श्टुटगार्ट
इथे नऊ शून्यांना मिलियार्डे म्हणतात आणि जर्मन 'बिलियोन' अजूनही बारा शून्यांचा. ताळेबंद जर्मनमध्ये, बैठक इंग्रजीत, आणि फोनवर मुंबईचं ऑफिस कोटींत बोलणारं. तिन्ही एकाच तक्त्यात आले की मी शीर्षकातच 'आकडे दशलक्ष युरोंत' असं टाकते आणि शब्द वापरतच नाही. नव्याने आलेल्यांनाही हेच सांगते. हजारपट फरकाचा प्रश्न आहे, संकोच न करता विचारा.

पॅरिसहून
वरच्या ताईंना अनुमोदन. फ्रेंचमध्येही नऊ शून्यं म्हणजे मिलियार. माझी स्पॅनिश सहकारी तर सरळ 'हजार मिलियन' म्हणते, मला तेच सगळ्यात आवडतं.