मदत हवी आहे: डॅशहंडला टेकडीवर न्यावं की नाही?

मंडळी, आमचा बंड्या तीन वर्षांचा डॅशहंड जातीचा कुत्रा, वजन नऊ किलो. पाय वीतभरसुद्धा नाहीत, पण छाती वाघाची. रोज सकाळी आमच्याबरोबर वेताळ टेकडीवर येतो. मुंगूस दिसलं किंवा एखादं बीळ सापडलं, की स्वारी डोकं आत खुपसून उकरायला लागते. हाका मारा, फक्त शेपूट हलते. दोष त्याचा नाही म्हणा. जर्मनीत ही जात बिळातला बॅजर, म्हणजे जमीन उकरून राहणारा एक प्राणी, हुसकावण्यासाठीच तयार झाली. 'डाक्स' म्हणजे बॅजर, 'हुंड' म्हणजे कुत्रा. पण इथल्या बिळातून घोणस निघाली तर?

दुसरी काळजी पाठीची. या जातीत मणक्यातली चकती सरकण्याचा धोका मोठा, म्हणून डॉक्टरांनी सोफ्यावरून उड्या आणि जिने बंद केलेत. घरात फळीचा उतार केलाय, तो बंड्या ढुंकूनही बघत नाही. बाबांचं म्हणणं, "कुत्रा आहे तो, काचेची बरणी नव्हे. चालू दे की." आणि खरं तर चालण्यानेच त्याचं वजन आटोक्यात आहे.

ज्यांच्याकडे डॅशहंड आहे त्यांनी सांगा: खडकाळ उतारावर तुम्ही उचलून घेता का? छाती आणि ढुंगण दोन्हीला आधार देऊन उचलतो, पण तो मासळीसारखा वळवळतो. बीळ समोर असताना हाकेला परत यायला कसं शिकवलंत? आणि उकरायची हौस भागवायला गच्चीत मातीने भरलेला जुना टब ठेवला तर उपयोग होईल, की कुंड्यांवरही संक्रांत येईल?