घोड्यांच्या आवारात रान किती राखावे?

प्रश्न (वहाळकाठ):
अलिबागजवळ आमची अडीच एकर जागा असून तिथे चार घोडे आहेत. दोन बाजूंना जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे रचलेली भिंत आहे आणि मागच्या अंगाला पावसाळी वहाळ आहे, ज्याच्या काठी करंज, भेंड आणि निर्गुडी आपोआप वाढलेली आहे. सासऱ्यांचे म्हणणे असे की जनावरांच्या जागेत रान नको, फुरसे (विषारी साप) निघेल, तेव्हा सगळे साफ करून गवत लावावे. मला ती झाडी तोडवत नाही, कारण वळवाच्या सरींनंतर तिथे अजून काजवे दिसतात. घोडे सुखरूप ठेवून हे रान राखता येईल का?

उत्तर (बारा वर्षे घोडे पाळणारा, मुरूड):
राखता येईल, पण त्यासाठी आधी घोड्यांची मोकळीक कमी करावी लागेल. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओल्या जमिनीत खूर चार बोटे रुततो, गवत मुळासकट उपटले जाते, आणि दसऱ्याला पाहावे तर चराईच्या जागी टाकळा आणि गाजरगवत माजलेले असते. मी पहिली तीन वर्षे दर हिवाळ्यात नव्याने गवत लावत बसलो, ते सगळे पैसे पाण्यात गेले. नंतर तबेल्याला लागून थोडी जागा उंच केली, खाली चिऱ्यांचे तुकडे आणि वर जाड वाळू घातली, आणि पावसाळाभर घोडे तिथेच ठेवून वैरण द्यायला लागलो. बाकीची जमीन दुसऱ्या वर्षी आपोआप सावरली.

घोड्याला वरचे आणि खालचे असे दोन्ही पुढचे दात असल्यामुळे तो गाईपेक्षा गवत फार खालून कापतो. म्हणून उघाडीतही जागेचे तीन-चार भाग करावेत, आणि गवत चार बोटांवर आले की घोडे पुढच्या भागात न्यावेत. जिथे तो लीद टाकतो तिथले गवत तो शक्यतो खात नाही; तिथे उंच झुपके उभे राहतात आणि त्यांत फुलपाखरे व नाकतोडे येतात. एखादा झुपका तसाच राहू दिला तरी चालतो, पण चराईतली बाकीची लीद मात्र उचलावी, नाहीतर जंत वाढतात. वहाळाच्या दोन्ही काठांना दहा-बारा फूट सोडून कुंपण घालावे आणि पाणी पिण्यासाठी एकच जागा चिऱ्यांनी बांधून घ्यावी. कुंपणाला काटेरी तार नको. घोडा बुजला की पाय कापून घेतो.

उत्तर (पशुवैद्यक):
वरील सूचना योग्य आहेत. मी विषारी झाडांविषयी लिहितो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विष बाहेर टाकण्याचा तो मार्ग त्याला नसतो. कण्हेर, बिट्टी, एरंड, धोतरा, घाणेरी आणि पिवळ्या फुलांचा खुळखुळा घोड्याच्या तोंडाजवळ नकोत. शेळी खाते म्हणून घोड्याला चालेल, हा समज सोडावा. दुसरे म्हणजे आयव्हरमेक्टिन हे जंतांचे औषध दिल्यानंतर त्याचा अंश लिदीतून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारक ठरतो. म्हणून जंतांचे औषध महिन्याच्या हिशोबाने न देता लिदीची तपासणी करून गरजेपुरतेच द्यावे, आणि दिल्यानंतर काही दिवस घोडे उंच केलेल्या आवारातच ठेवून ती लीद वेगळी साठवावी.

उत्तर (दापोली):
सासऱ्यांचे अगदीच चूक नाही. फुरसे दगडांच्या सांदीत बसते, तेव्हा तबेल्याभोवती पंधरा-वीस फूट जागा स्वच्छ ठेवावी, खाद्य झाकणाच्या पिंपात भरावे म्हणजे उंदीर येणार नाहीत, आणि चिऱ्यांचे ढीग दूर न्यावेत. गडगा मात्र पाडू नये. सरडे आणि पाली तिथेच राहतात, आणि त्या किडे खातात. तबेल्याचा दिवा रात्री मालवावा, काजव्यांसाठीही.

वहाळकाठ:
सर्वांचे आभार. आज फाटकाशी जाऊन पाहिले तर सासूबाईंनी पूजेच्या फुलांसाठी लावलेली बिट्टी कुंपणाबाहेरून आत वाकली आहे, आणि खालच्या फांद्यांची पाने कोणीतरी खुडलेली दिसतात. फांद्या आजच छाटते आहे. त्या लिदीच्या खड्ड्यात टाकल्या तर चालतील का?

उत्तर (पशुवैद्यक):
नाही. वाळल्यावरही विष टिकते, आणि वाळलेली पाने चाऱ्यात मिसळली तर ओळखूही येत नाहीत. घोडे पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी खोल पुरा, जाळू नका, त्या धुराचाही त्रास होतो. खुडलेली पाने घोड्यानेच खाल्ली असण्याची शंका असेल तर वाट न पाहता आजच नाडी तपासून घ्या.