इबादान विद्यापीठ: वैद्यकाचे पेपर डोंगराएवढे, इतिहासाचे चिमूटभर. हे खरं मानायचं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी नांदेडची, ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. करतेय. प्रबंधिकेसाठी गाईडनी विषय दिलाय: नायजेरियातल्या इबादान विद्यापीठात कुठल्या ज्ञानशाखेत किती संशोधन प्रसिद्ध होतं. पुण्यामुंबईच्या विद्यापीठांचा चोथा झालाय, आफ्रिकेतलं काहीतरी घ्या, असं त्यांचं म्हणणं. स्कोपस या जगभरच्या संशोधन लेखांच्या सूचीतून डेटा उतरवला, तक्ता केला. वैद्यक आणि आरोग्य एका टोकाला, त्याखालोखाल शेती आणि जीवशास्त्र. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यांचा खांब आलेखात दिसतसुद्धा नाही, मोठा करून बघावा लागतो.

गाईड म्हणतात, निष्कर्ष लिहा: "मानव्यशाखांमध्ये संशोधनाची संस्कृती क्षीण आहे." माझ्या काही हे गळी उतरत नाही. पण 'गळी उतरत नाही' असं प्रबंधिकेत लिहिता येत नाही ना! नायजेरियाची माहिती असलेलं कुणी आहे का इथे?

टिंब

आधी एक विचारतो. शोधताना पत्त्यात नुसतं 'इबादान' टाकलंत की स्कोपसने विद्यापीठाला दिलेला संस्था-क्रमांक वापरलात? त्या शहरात १९६७ पासून आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था आहे, आयआयटीए. तिचा विद्यापीठाशी कारभार वेगळा, पण पत्ता इबादानचाच. कसावा, चवळी, कोनफळ यांवरचे तिचे सगळे पेपर तुमच्या शेतीच्या खांबात येऊन बसले असतील.

दुसरं, शीर्षकात किंवा सारांशात 'इबादान' शोधू नका. जनुकशास्त्रात 'वायआरआय' नावाचा नमुनासंच आहे, म्हणजे इबादानमधले योरुबा लोक, तिथला एक मोठा समाज. माणसांतले जनुकीय फरक नोंदवणाऱ्या हॅपमॅप प्रकल्पासाठी तिथल्या लोकांनी रक्त दिलं आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा तो डेटा वापरतायत. त्या पेपरांत इबादानचं नाव असतं, इबादानचा माणूस असेलच असं नाही.

जुना_मास्तर

रानजाई, तुमच्या गाईडना माझा नमस्कार सांगा आणि तो निष्कर्ष खोडा.

मी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नायजेरियाला गेलो. तेलाचा पैसा वाहत होता, विद्यापीठं धडाधड निघत होती आणि शिकवायला माणसं हवी होती. आपल्याकडचे कितीतरी जण तेव्हा तिकडे गेले. मी उत्तरेतल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचो, परीक्षेच्या कामाला इबादानला जाणं व्हायचं. तिथल्या लोकांचा तोरा काय वर्णावा! देशातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ, १९४८ साली लंडन विद्यापीठाचं कॉलेज म्हणून निघालेलं, १९६२ ला स्वतंत्र झालेलं. आणि तोरा कुणाचा जास्त? डॉक्टरांचा नव्हे, इतिहासवाल्यांचा!

त्याला कारण होतं. केनेथ डाईक हे तिथले पहिले नायजेरियन कुलगुरू, मुळात इतिहासकार. नायजर नदीच्या मुखाकडच्या व्यापारावरचं त्यांचं पुस्तक १९५६ ला आलं. तोवर आफ्रिकेचा इतिहास म्हणजे गोऱ्यांनी आफ्रिकेत काय केलं त्याचा इतिहास. डाईकनी तो उलटा केला, स्थानिक राजे नि व्यापारी मधोमध आणून बसवले आणि तोंडी परंपरा हासुद्धा पुरावा आहे असं ठणकावून सांगितलं. देशाचं राष्ट्रीय अभिलेखागार उभं राहिलं ते त्यांच्याच खटपटीने. नायजेरियाचं इतिहास मंडळ १९५५ चं. त्यातून जी पिढी घडली तिला जग 'इबादान संप्रदाय' म्हणून ओळखतं. आता सांगा, हे सगळं तुमच्या आलेखात कुठे आहे? कुठेच नाही, कारण ती पुस्तकं होती. भूगोलाचं तेच. अकिन माबोगुंजे यांचं शहरांवरचं काम इबादानचंच, त्यांना २०१७ ला वोत्रें ल्यूद पुरस्कार मिळाला, भूगोलातलं नोबेल म्हणतात त्याला. त्यांचंही पुष्कळसं काम पुस्तकांत नि अहवालांत आहे.

आता वैद्यकाकडे. त्यांचं काम खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. विद्यापीठाचं रुग्णालय १९५७ पासून आहे. बेंजामिन ओसुंटोकुन नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ होते तिथे, काय माणूस! पाय लटपटणं, नजर जाणं असा आजार काही गावांत दिसायचा. त्यांनी तो कसाव्यातल्या सायनाइडशी जोडून दाखवला. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच. नीट आंबवला, पिळला, भाजला तर निर्धोक, घाई केली तर विष. तिकडे त्याचा रवा करून खातात, गारी म्हणतात, आणि गरिबाच्या घरी ताटात दुसरं काही नसतं. हे संशोधन वैद्यकाचं, शेतीचं की रसायनाचं? इथेच तुमच्या तक्त्याची गोम आहे. स्कोपस विषय ठरवतं ते जर्नलवरून, लेखकाच्या विभागावरून नाही, आणि एकेका जर्नलला दोनतीन विषय चिकटवलेले असतात. माझ्यासारख्या रसायनवाल्याचा पेपर विषविज्ञानाच्या जर्नलात गेला की वैद्यकाच्या आसपास जाऊन पडतो. सगळ्या शाखांची बेरीज करून बघा, एकूण पेपरांपेक्षा जास्त भरेल.

पुढे १९९२ पासून ओसुंटोकुन आणि अमेरिकन सहकाऱ्यांनी इबादान आणि इंडियानापोलिस इथल्या म्हाताऱ्यांची तुलना सुरू केली. एकीकडे योरुबा, दुसरीकडे आफ्रिकी वंशाचे अमेरिकन. निकाल २००१ ला आला: स्मृतिभ्रंशाचं नव्याने होणारं प्रमाण इबादानमध्ये निम्म्याहून कमी. अशा कामाला परदेशी पैसा येतो, परदेशी भागीदार येतात आणि एका प्रकल्पातून वर्षानुवर्षं पेपर निघत राहतात. डाईकना दहा वर्षांत एक पुस्तक पुरायचं.

आणखी एक सांगतो, मग थांबतो. तेलाचे भाव पडले, परकीय चलन आटलं आणि आमच्या ग्रंथालयात जर्नलं यायची बंद झाली. रसायनातल्या लेखांचे सारांश देणाऱ्या 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स'च्या जाडजूड खंडांची रांग एका ठिकाणी तुटायची आणि पुढे नुसती फळी. हरमॅटनचा वारा सुटला की सहाराची पिठासारखी धूळ त्या मोकळ्या फळीवर बसायची, शिपाई ती रोज झटकायचा. आम्ही छापील पोस्टकार्डं पाठवायचो: "प्रिय डॉ. अमुक, आपल्या तमुक लेखाची प्रत कृपया धाडावी." रिकाम्या जागी नाव नि पान हाताने भरायचं. एखादा भला जर्मन पाच महिन्यांनी प्रत पाठवायचा, तोवर ते काम दुसऱ्या कुणी करून छापलेलं असायचं. इतिहासवाल्यांचं तसं नव्हतं. त्यांचं अभिलेखागार इबादानातच, त्यांचा म्हातारा साक्षीदार शेजारच्या गावात. कुठल्या शाखेला काय काय बाहेरून मागवावं लागतं त्यावर तिचं उत्पादन ठरतं, ही माझी पक्की समजूत तेव्हाची आहे. १९८६ ला नायरा, म्हणजे तिथलं चलन, गडगडला आणि माणसंच निघून गेली, सौदीला, अमेरिकेला. तुमचा डेटा कुठल्या सालापासूनचा आहे?

रानजाई

काका, २००० पासूनचा. एवढं सगळं कुणी सांगेल असं वाटलंच नव्हतं. टिंब, संस्था-क्रमांक लावून परत उतरवते.

इकेजाकर

मी सध्या लेगोसला असते, मूळची चिपळूणची. आमच्या वरच्या मजल्यावर एका सरकारी विद्यापीठातल्या समाजशास्त्राच्या बाई राहतात, त्यामुळे आताचं थोडं सांगू शकते.

बढतीच्या फाइलीत इथे 'लोकल' आणि 'ऑफशोअर' असे दोन ढीग असतात. ऑफशोअर म्हणजे देशाबाहेर छापलेलं, आणि वर चढायचं तर त्यातले अमुक इतके लागतातच. आता बाईंचा विषय लेगोसच्या बाजारातल्या बायकांच्या भिशा. तो छापायला परदेशी जर्नल कशाला हवं? पण हवंच. वाचकाला फुकट असलेल्या खुल्या जर्नलांची छपाईची फी लेखकाकडून, तीही डॉलरमध्ये. जून २०२३ मध्ये सरकारने नायराचा भाव बाजारावर सोडला. २०२४ मध्ये डॉलरला दीड हजार नायरांच्या आसपास भाव होता, म्हणजे दोन हजार डॉलरची फी तीस लाख नायरा. प्राध्यापकाचा कित्येक महिन्यांचा पगार त्यात जातो. परदेशी प्रकल्पातल्या डॉक्टरांची फी प्रकल्प भरतो. समाजशास्त्राची कोण भरणार? मग माणूस पैसे घेऊन न तपासता छापणाऱ्या, स्वस्तातल्या भुरट्या जर्नलांकडे वळतो, ती स्कोपसमध्ये नसतात, आणि तुमच्या आलेखात तो माणूस रिकामटेकडा ठरतो.

संपाचंही लक्षात घ्या. २०२२ मध्ये प्राध्यापकांचा संप १४ फेब्रुवारी ते १४ ऑक्टोबर चालला, आणि सरकारने 'काम नाही तर पगार नाही' म्हणून पैसे अडवले. बाई त्या काळात घरी बसून लिहीत होत्या, म्हणाल्या, मला वही नि डोकं पुरतं. त्यांच्या नवऱ्याचं मात्र सूक्ष्मजीवशास्त्र. फ्रीझर जनरेटरवर, डिझेल नाही, नमुने गेले.

टिंब

इकेजाकरांशी सहमत. आणि भुरट्या जर्नलांवरून नायजेरियाला हसायला नको. आपल्या यूजीसीने मे २०१८ मध्ये मान्य यादीतली ४३०५ जर्नलं एका फटक्यात काढून टाकली होती. ती यादी तपासून बोंब मारली होती पुणे विद्यापीठातल्याच मंडळींनी.

रानजाई, एक काम करा. शेकड्यांनी लेखक असलेले पेपर बाजूला काढा. जागतिक रोगभाराच्या अभ्यासासारख्या पेपरांत इबादानचा एक माणूस असतो नि शेकडो इतर, तरी साध्या मोजणीत इबादानला पूर्ण एक मिळतो. त्याऐवजी लेखकांच्या प्रमाणात वाटून मोजा. शंभर लेखकांत एक इबादानचा, तर ०.०१. इतिहासाच्या एकट्या लेखकाला पूर्ण १. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापा. नेदरलंड्सच्या लायडन विद्यापीठाची जागतिक विद्यापीठ-क्रमवारीसुद्धा ही वाटून मोजायची पद्धत वापरते, तेव्हा गाईडना हरकत घेता येणार नाही.

रानजाई

गाईडशी बोलले. वाटून मोजलेला तक्ता चालेल म्हणाले, पण "पुस्तकं मोजायची तर पुरावा दाखवा." वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या सामायिक तालिकेत प्रकाशनस्थळ 'इबादान' टाकून यादी काढू का?

जुना_मास्तर

काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या संप्रदायाची नावाजलेली ग्रंथमाला छापली लंडनच्या लाँगमन्सने, ती स्थळावरून सापडणार नाही. लेखकांच्या नावाने शोधा: अजायी, आयांडेले, इकिमे, तामुनो, आफिग्बो. नुसतं २००० नंतरचं घेणार असाल तर यातलं थोडंच हाती लागेल, म्हणून गाईडना सांगून पुस्तकांपुरती मुदत १९५६ पर्यंत मागे न्या. आणि आफिग्बोंची पुस्तकं सरसकट इबादानच्या खात्यावर टाकू नका. डॉक्टरेट त्यांनी तिथे केली, पण यादवी युद्धाच्या सुमारास ते नायजेरियातल्याच न्सुक्काच्या विद्यापीठात गेले आणि बहुतेक लेखन तिथूनच केलं.